झळ कुणाला

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला गावाकडं आला की पहिले दोन दिवस त्याचं बोलणं आम्हाला कळत नाही आणि आमचं त्याला. गेल्या दिवाळीत ओट्यावर बसून तो सांगत होता, "काका, कुठल्याही कामाला हात घालायच्या आधी रोडमॅप लागतो. आधी काय, मग काय, कुणी करायचं, किती दिवसांत करायचं, सगळं कागदावर पाहिजे."

मी म्हटलं, "म्हणजे आराखडा."

"तसंच. पण रोडमॅप म्हणजे रस्त्याचा नकाशा."

मला हसू आलं. आमच्याकडं रस्ता आधी पडतो, नकाशात मागनं येतो. माणसं आणि जनावरं चालून चालून पायवाट पडते, पायवाटेची गाडीवाट होते, आणि कधीतरी सरकारी नकाशावर तिची तुटक रेघ उमटते. पण पोरगं बोलत होतं ते खोटं नव्हतं. कागदाशिवाय केलेली कामं कशी अर्ध्यात मरतात ते मी बघितलंय. त्यानं विचारलं, "तुम्ही कधी केलाय का असा आराखडा?" मी "केलाय" म्हटलं आणि गप्प बसलो. का गप्प बसलो, ते इथं लिहून टाकतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि आमच्याकडं नुसती सावली येते. अशा मुलखात ज्याला नियोजन येत नाही त्याची चूल पेटत नाही. मी नियोजन पहिल्यांदा बघितलं ते आईच्या हाताखाली. सुगी झाली की ज्वारी कणगीत पडायची. त्याआधी आई रिकाम्या कणगीच्या आतल्या अंगाला कोळशानं रेघा मारायची. वरची रेघ संक्रांतीची, त्याखालची पाडव्याची, मग आखाडाची. अगदी तळाला एक जाड रेघ, ती बियाण्याची. काही झालं तरी त्या रेघेखाली हात घालायचा नाही. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सगळ्या वर्षाचा हिशेब त्या कणगीच्या पोटात मांडलेला असायचा. ज्वारी रेघेच्या आधीच खाली गेली की आई कुणाला काही बोलायची नाही. भाकरी थापायची, आम्हाला वाढायची, वडिलांना वाढायची, आणि स्वतः कालवणाच्या पातेल्यात पाणी घालून प्यायची. हे मला त्या वयात दिसायचं, पण कळत नव्हतं.

दुसरा आराखडा बघितला तो 1972 च्या दुष्काळात. मी तेरा वर्षांचा होतो. गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं. अख्खं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला. पोरांना सुकडी मिळायची, आणि रेशनला तांबडी मिलो ज्वारी. त्या कामानं आम्हाला जगवलं, हे मी विसरणार नाही. दुष्काळी कामांच्या त्या अनुभवातनंच पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. पण तलाव कुठं घ्यायचा हे कुणी गावाला विचारलं नाही. एक साहेब जीपमधनं आला, तिपाईवरच्या दुर्बिणीत डोळा घालून बघितलं, खुंट्या ठोकल्या आणि गेला. आमची दोन एकर जमीन त्या खुंट्यांच्या आत गेली. तीच आमची चांगली काळी जमीन होती. वडील त्याच तलावाच्या भरावावर माती वाहत होते. आपल्याच रानावर आपल्याच हातानं माती टाकायची आणि संध्याकाळी त्याचीच मजुरी घ्यायची. एकदा मी विचारलं, "दादा, साहेब वाईट हुता का?" वडील म्हणाले, "वाईट न्हाई रं. त्याला जमिनीचा ढाळ दिसला. मानूस दिसला न्हाई."

हे वाक्य मी पुढं पंचेचाळीस वर्षं लोकांना ऐकवलं. ग्रामसभेत, पारावर, पाहुण्यांत. वरनं येणारी योजना कशी आंधळी असते, हे सांगायला मला हे वाक्य फार उपयोगी पडायचं. मी दहावी शिकलेला. 1975 साली दहावीची जी पहिली बॅच बसली, त्यातला. अक्षर बरं आणि बोलणं बरं, त्यामुळं गावाचे अर्ज-ठराव माझ्याकडंच यायचे. मला वाटायचं, एकदा आराखडा करायचा अधिकार गावाच्या हातात येऊ द्या, मग बघा.

तो अधिकार आला. 2018 च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आमचं गाव उतरलं. 8 एप्रिल ते 22 मे, पंचेचाळीस दिवस श्रमदान. त्याच्या आधी आराखडा करायचा, आणि तो गावानंच करायचा. गावातली पोरं आणि दोन सुना प्रशिक्षण घेऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना आमचंच शिवार शिकवलं. आधी शिवारफेरी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालायचं, कुठं मुरूम, कुठं खडक, कुठला ओघळ कुठं मिळतो, कुठल्या विहिरीला कितीपर्यंत पाणी टिकतं, सगळं वहीत लिहायचं. मग देवळापुढं सारवलेल्या अंगणात रांगोळीनं अख्ख्या गावाचा नकाशा काढला. ओढ्याला निळी रांगोळी, डोंगराला विटकरी, विहिरींच्या जागी वाट्या. बायका, पोरं, म्हातारी सगळी भोवती. "माझी विहीर तितं न्हाई, जरा उजवीकडं घ्या" असा गलका. मला भरून आलं होतं. वाटलं, हा बघा माणसाला दिसणारा आराखडा.

मग हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. हजार हेक्टरांच्या शिवारात साडेचारशे मिलिमीटर पडला तर साडेचारशे कोटी लिटर. एवढं पाणी आपल्या डोक्यावर पडतं आणि आपण टँकरची वाट बघतो, हे ऐकून सभेत एकदम शांतता झाली होती. पोरांनी कामाचा क्रमही समजावून दिला. आधी माथा, मग पायथा. डोंगरउतारावर सलग समतल चर, ओघळींत दगडी बांध, त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी ओढ्यावर माती नालाबांध. वरनं येणारी माती वरच अडली नाही तर खालचे बांध गाळानं भरून जातात. पाण्याला वरच पळायचं सोडून चालायला लावायचं, चालत्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला मुरवायचं.

हा क्रम पाण्यानं ठरवलेला आहे, त्यात कुणाचं चालत नाही. पण त्याच्या मागं दुसरा एक क्रम लपलेला असतो. आधी कुणी सोसायचं आणि आधी कुणाला मिळायचं. तो पाणी सांगत नाही. तो माणसं ठरवतात, आणि बहुतेक वेळा न बोलता ठरवतात.

आमच्या माथ्यावर माळ आहे. माळाच्या कडेला सात-आठ घरांची वस्ती. तिथल्या एका म्हातारीला सगळं गाव आक्का म्हणतं. नवरा लवकर गेलेला, मुलगा भिवंडीकडं ट्रकवर. दोन एकर खडकाळ रान आणि चौदा शेरडं, एवढाच तिचा संसार. चर काढायचे तर ते माळावर. चर काढल्यावर गवत आणि रोपं धरायला हवीत, म्हणून तीन वर्षं माळावर चराईबंदी. आराखड्यातला पहिलाच ठराव हा होता, आणि तो माझ्या अक्षरात लिहिलेला आहे. राळेगणसिद्धीला, हिवरेबाजारला हेच केलं, मगच तिथं पाणी आलं, असं मी सभेत समजावून सांगितलं. ते खरंच होतं. सगळ्यांनी हात वर केले. आक्का कडेला खांबाला टेकून बसली होती. तिनं हात वर केला नाही आणि खालीही काही बोलली नाही. मी ठरावाखाली लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

आता नालाबांधाचं. शिवारफेरीत सगळ्यांनी मिळून जागा ठरवली होती ती माळाच्या पायथ्याला, दोन ओहोळ मिळतात तिथं. त्याच्या जरा खाली वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा आड. बांध वर असला की त्याचा पाझर आडाला मिळणार. रांगोळीच्या नकाशात तिथं पोरांनी खडा ठेवला होता. पण रांगोळी पुसली जाते. नकाशा कागदावर उतरवायचं काम माझ्याकडं आलं. तलाठ्याकडनं आणलेली गावनकाशाची प्रत पुढ्यात घेऊन मी रात्री बसलो. एकेक खूण पेन्सिलीनं उतरवत गेलो. नालाबांधाची खूण उतरवताना हात थांबला. त्या जागेच्या खाली, नकाशावर दोन बोटांच्या अंतरावर, माझी विहीर आहे.

मी खूण दोन बोटं खाली घेतली.

नकाशावर दोन बोटं म्हणजे ओढ्यात चार-साडेचारशे पावलं. सकाळी पोरांनी विचारलं तर माझ्याकडं कारण तयार होतं. खालच्या जागी ओढा अरुंद आहे, माती कमी लागेल, मशीनचे तास वाचतील, सांडव्याला कातळ मिळतो. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण मला माहीत होतं की जागा आधी ठरली आणि कारणं मागनं आली. आराखड्यात असं झालेलं बाहेरच्याला ओळखू येत नाही. कागदावर कारण आधी लिहिलेलं असतं आणि निर्णय त्याच्याखाली.

पंचेचाळीस दिवस आम्ही राबलो. पहाटे पाचला टिकाव-फावडी घेऊन अख्खं गाव माळावर. पुण्या-मुंबईची पोरं रजा काढून आली. त्या साली आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. आमचा आला नाही, पण त्याचं दुःख कुणाला झालं नाही. एक दिवस मी चराच्या कडेला पाणी पीत बसलो होतो. आक्का तिथं आली. तीही रोज श्रमदानाला यायची, एकही दिवस चुकवला नाही तिनं. हातात फावडं तसंच धरून म्हणाली, "बापू, त्या देवळाम्होरं काढलेल्या नकाशात इहिरी हुत्या, ताली हुत्या, झाडं हुती. माज्या शेरडांची रेघ कुठं हुती रं?"

मी म्हटलं, "आक्का, तीन वर्षांची तर गोष्ट. गवत कमरेएवढं होईल."

ती म्हणाली, "गवात तीन वर्सांनी. शेरडं आज संध्याकाळी खात्यात."

एवढंच बोलून ती परत चरात उतरली.

2018 चा पावसाळा गेला कोरडाच. चर कोरडे, नालाबांध कोरडा. सरकारनं तालुक्यात दुष्काळ जाहीर केला. जनावरांच्या छावण्या निघाल्या, त्या मुख्यतः गाई-म्हशींच्या. शेरडं त्यात कुठं बसणार? चराईबंदी होती म्हणून आक्का माळावर शेरडं घालत नव्हती. बाकीचे रात्री गुपचूप घालायचे, ती नाही. दिवाळीनंतर तिनं पहिली चार विकली, मग सहा, आणि उन्हाळा लागायच्या आत सगळी. दुष्काळात विकणारे सगळे आणि घेणारा कुणी नाही, त्या भावात.

2019 ला परतीचा पाऊस पडला आणि असा पडला की विचारू नका. चर भरले, ताली भरल्या, नालाबांधाच्या सांडव्यावरनं पाणी पडलं. गाव बघायला लोटलं. माझी विहीर दिवाळीला काठाला आली. इतकी वर्षं जिच्या तळातला कातळ बघत आलो, त्या विहिरीत मी आभाळ बघितलं. त्या रात्री मला झोप लागायला हवी होती, पण लागली नाही. वरच्या वस्तीचा आड बांधाच्या वरच्या अंगाला, लांब राहिला होता. पाणी काही उलटं चढत नाही. फेब्रुवारी लागायच्या आतच त्याचं पाणी तळाला जाणार हे दिसत होतं. मला वडिलांचं वाक्य आठवलं. साहेबाला ढाळ दिसला, माणूस दिसला नाही. मला तर माणूस दिसला होता. दिसूनही मी खूण सरकवली होती. म्हणजे मी त्या साहेबापेक्षा वाईट.

आई आठवली. तिनंही रेघा मारल्या होत्या. पण धान्य कमी पडलं तेव्हा झळ तिनं स्वतःच्या ताटाला लावून घेतली. मी रेघ मारली आणि झळ दुसऱ्याच्या ताटाला लावली.

26 जानेवारी 2020 च्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. जागा वरची ठरली होती, मी कागदावर उतरवताना खाली घेतली, माझ्या विहिरीसाठी. मला वाटलं होतं गलका होईल, कुणी शिव्या घालील. झालं भलतंच. मागनं एकजण म्हणाला, "बापू, त्यात काय नवीन? सगळ्यांनाच म्हाईत हुतं." काही जण हसले. सभा पुढच्या विषयाकडं गेली. त्या हसण्यानं मला जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नसतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोललं नाही. कारण बांधबंदिस्तीत, खोलीकरणात, मशीनच्या तासांत प्रत्येकाची कुठंतरी अर्ध्या बोटाची खूण सरकलेली होती. आम्ही एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. सांभाळून घेतलं नव्हतं ते फक्त, ज्यांची विहीरच नव्हती त्यांना.

आता कुणी म्हणेल, असा एकेकाचा विचार करत बसलात तर काम उभंच राहणार नाही. हे म्हणणं मी उडवून लावत नाही. एकाच्या हरकतीपायी पाणंद रस्ता तीस-तीस वर्षं अडलेला मी बघितलाय. पावसाळ्यात बाळंतीण खाटेवरनं न्यावी लागलेली बघितलीय. सगळ्यांच्या उद्यासाठी कुणाला तरी आज थोडं सोसावं लागतं, त्याला इलाज नाही. चराईबंदी चूक होती असं मला आजही वाटत नाही. माळ आज हिरवा आहे तो तिच्यामुळंच. प्रश्न झळ लागावी का नको, हा नाहीच. झळ कुणाला लागणार हे हात वर करायच्या आधी मोठ्यानं बोललं गेलं का, आणि ज्यांना फायदा होणार त्यांनी त्यातलं काय उचललं, हा आहे. विहीरवाले आम्ही बाराजण. प्रत्येकानं बांधावर शेवरी नाहीतर मेथीघास लावून आठवड्याला एक-दोन भारे वर पोचवले असते, तर चौदा शेरडं जगली असती. दुष्काळाच्या साली टँकरच्या पाण्यावर आपल्या म्हशी जगवल्या, तशी तीही जगली असती. कडबा आधी आणि बंदी मग, एवढाच क्रम बदलायचा होता. तो कुणाला सुचला नाही, कारण आराखडा करणाऱ्यांत शेरडंवाला एकही नव्हता.

आणि हे अवघड आहे, पण अशक्य नाही. 1972 च्या त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. ते स्वतः इंजिनीअर. त्यांना ढाळ तर दिसतच होता. पण त्यांनी पाणी जमिनीच्या मापानं वाटलं नाही, माणसांच्या मापानं वाटलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. मला त्यात मोठं वाटतं ते हे, की वाटणी आधी ठरली आणि पाणी मागनं आलं. पाणी आल्यावर वाटणीची बैठक घेतली तर तिथं फक्त भांडण होतं, हे कुठल्याही गावाला विचारा.

आम्ही उशिरा का होईना, थोडं केलं. बाराजणांनी वर्गणी काढली, माझ्या विहिरीवरनं वरच्या वस्तीला पाइप टाकायचं ठरलं. कोरोना आडवा आला आणि ते काम 2021 ला झालं. पहिल्या दिवशी टाकीत पाणी पडताना मी तिथं उभा होतो. आक्कानं हंडा भरला, डोक्यावर घेतला. मी काहीतरी ऐकायच्या आशेनं उभा राहिलो हे तिच्या लक्षात आलं असणार. म्हणाली, "पानी गोड हाय तुज्या इहिरीचं." आणि गेली. शेरडांचं नाव तिनं काढलं नाही. मी दोन शेरडं घेऊन देतो म्हणालो होतो, ती तिनं घेतली नाहीत. म्हणाली, "आता चालवत न्हाई त्यांच्या मागं." तिच्या पायाचं खरंच होतं. पण तीन वर्षांपूर्वी ती चालत होती.

एक गोष्ट मात्र गावात कायमची झाली. आमच्या कामांच्या वहीत आधी सहा रकाने असायचे. काम, जागा, खर्च, मुदत, कोण करणार, फायदा कुणाला. मी हट्टानं सातवा रकाना आखून घेतला. झळ कुणाला. सुरुवातीला पोरं त्यात "कुणाला नाही" असं लिहून मोकळी व्हायची. मी वही परत करायचो. कुणालाच झळ नाही असं काम अजून जन्माला यायचंय, जाऊन बघून या. हळूहळू नावं यायला लागली. नाव आलं की त्या माणसाला बोलवावं लागतं, बोलवलं की ऐकावं लागतं. कामं उशिरा होतात आता. दोन तर झालीच नाहीत.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला फक्त विचारलं, "तुमच्या त्या रोडमॅपात झळ कुणाला असा रकाना असतो का?" तो जरा विचार करून म्हणाला, "रिस्क म्हणून असतो काका. पण ती कामाला काय धोका आहे त्याची. कामाचा कुणाला धोका आहे, त्याची नाही."

यंदा पोरांनी पाणंद रस्त्याचा आराखडा केलाय. वरच्या वस्तीवरनं थेट डांबरी रस्त्यापर्यंत. दुखणाईत माणसाला न्यायला गाडी दारापर्यंत जाईल. परवा सहीसाठी वही माझ्याकडं आली. सातवा रकाना भरलेला होता. त्यात तीन नावं होती आणि पहिलं माझं. रस्ता माझ्या बांधाला लागून जातोय, विहिरीकडच्या काळ्या रानातली तीन गुंठे जमीन त्यात जाणार. वडिलांची दोन एकर गेल्यावर मागं राहिलेलं काळं रान ते तेवढंच.

मी वही घरी ठेवून घेतली. रस्ता जरा पलीकडनं नेला तर काय होईल, हे बघायला संध्याकाळी रानात जाऊन आलो. पलीकडनं खर्च कमी येईल, वळणही निघेल, अशी दोन-तीन कारणं चालता चालता सुचली. चांगली कारणं होती.

सही करायला मला दोन दिवस लागले.